कोर्ट ‘म्हणालं’ म्हणजे नक्की काय झालं?

गेल्या काही वर्षांत मी सगळ्यात जास्त काय वाचलं, याचा प्रामाणिक हिशेब केला तर पहिला नंबर कादंबरीचा लागत नाही, कवितेचा तर नाहीच. तो कायद्याच्या बातम्यांचा लागतो. बार अँड बेंच, लाइव्ह लॉ, त्यांचे सुनावणी चालू असतानाचे थ्रेड, निकालपत्रांच्या पीडीएफ, वकिलांचे ब्लॉग. हिंजवडीला कंपनीच्या बसमध्ये बसलो की पहिल्यांदा हेच उघडतो. आजूबाजूला बघितलं तर असं वाचणारा मी एकटा नाही.

मी मुळशी तालुक्यातला, त्यामुळे हा निव्वळ छंद आहे असंही म्हणता येत नाही. आमच्याकडे घरटी एक पिशवी असते. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, फेरफार, वाटणीपत्र, कुठल्याशा दाव्याच्या नकला असतात. आयटी पार्क आला, फार्महाऊस आले, प्लॉटिंग आलं, तसतशी ती पिशवी जाड होत गेली. जमीन विकून हातात पैसा आलेल्या आणि नंतर हातात काहीच न उरलेल्या घरांची गोष्ट ‘मुळशी पॅटर्न’नं २०१८ मध्ये पडद्यावर आणली. त्या गोष्टीचा कमी रंगतदार भाग कोर्टात आणि महसूल कचेऱ्यांत चालतो. म्हणून कोर्टाची बातमी आली की गावाच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतो आणि त्या स्क्रीनशॉटवर माणसं निर्णय घेतात. इसार घ्यायचा का थांबायचं, भावकीशी तडजोड करायची का लढायचं, वकील बदलायचा का, असे निर्णय.

आपण सिनेमाची समीक्षा करतो, नाटकाची करतो. पण इतके लोक रोज वाचत असलेल्या या लेखनाकडे लेखन म्हणून कोणी बघत नाही. यात कोण बोलतं, कोण गप्प असतं, गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे सोडून दिली जाते? इथे तेच बघायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की, या साइट्सनी आपल्याला कोर्टाच्या दारात नेऊन उभं केलं, हे मोठंच काम झालं. पण तिथे उभं राहून कोर्ट काय *म्हणालं* हे ऐकायची सवय त्यांनी लावली. कोर्टानं काय *केलं* हे बघायची सवय लावली नाही. या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे, त्यात आमच्यासारख्यांचं नुकसान होतं.

सवय जुनीच आहे

मराठी वाचकाला खटल्यांचा नाद स्मार्टफोननं लावलेला नाही. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात अब्रुनुकसानीचा खटला होऊन टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात गेले. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं आणि लोकांनी ते वाचलं. त्यानंतर दोन वर्षांनी रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला होता. त्या खटल्यावर मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रं दोन तट करून भांडली. ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूला होता.

त्या प्रकरणातली एक गोष्ट मला आजच्या कायदेविषयक बातम्या वाचताना हटकून आठवते. खुद्द रखमाबाईंनी ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावानं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहिली. म्हणजे खटल्याचा ‘विषय’ असलेली बाई बातमीत स्वतःच्या शब्दांत बोलत होती. आज सुनावणीचा मिनिटामिनिटाचा वृत्तांत मिळतो, पण पक्षकाराचं एक वाक्य त्यात सापडायला बरंच खाली जावं लागतं. अनेकदा ते सापडतच नाही.

थ्रेड: एक नवा नाट्यप्रकार

या लेखनप्रकाराचा एक पूर्वज अमेरिकेतला. टॉम गोल्डस्टीन आणि एमी हाऊ यांनी २००२ मध्ये स्कॉटसब्लॉग सुरू केला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचं प्रत्येक प्रकरण साध्या भाषेत आणि कागदपत्रांसह समजावून सांगायचं, एवढीच कल्पना होती. आपल्याकडे बार अँड बेंच आणि लाइव्ह लॉ यांनी ती आपल्या पद्धतीनं वाढवली. २०१८ मध्ये स्वप्नील त्रिपाठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुनावणीच्या थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या थेट दिसायला लागल्या. त्याच दिवशी बोर्डावर शिवसेनेचं प्रकरण होतं, त्यामुळे महाराष्ट्रात घटनापीठ म्हणजे काय हे पानटपरीवरही कळलं.

थ्रेडचा घाट नाटकाच्या संहितेसारखा आहे. डावीकडे नाव, मग दोनबिंदू, मग संवाद. सिब्बल असं म्हणतात, कौल तसं म्हणतात, मध्येच सरन्यायाधीश एक खोचक प्रश्न टाकतात, हशा. त्याला वेग आहे, ताण आहे, ‘लंचनंतर पुढे’ असा मध्यंतरही आहे. चांगला वार्ताहर हे काम किती कौशल्यानं करतो, हे मान्यच करायला हवं. युक्तिवाद ऐकत असतानाच त्यातलं महत्त्वाचं निवडायचं, कलम अचूक टिपायचं, निवाड्याचं नाव चुकू द्यायचं नाही आणि तेही दोन ओळींत. बातमीच्या शेवटी मूळ आदेशाची प्रत जोडायची त्यांची पद्धत तर आपल्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी घ्यावी अशी आहे. वाचकाला ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ न म्हणता ‘हा घ्या कागद, बघा’ म्हणणं ही पत्रकारितेतली मोठी सभ्यता आहे.

अडचण घाटातच आहे. संहिता म्हटलं की संवाद आले, आणि संवाद चटपटीत असेल तोच पुढे जातो. न्यायमूर्तींनी सुनावणीत विचारलेला प्रश्न हा बऱ्याचदा वकिलाला चाचपायला विचारलेला असतो. ते त्यांचं मत असेलच असं नाही, आणि आदेश तर नसतोच. पण थ्रेडमधून बातमीत, बातमीतून शीर्षकात आणि शीर्षकातून स्क्रीनशॉटमध्ये जाताना तो ‘कोर्टानं सुनावलं’ होतो. ग्रुपवर येईपर्यंत त्याचा ‘कोर्टाचा दणका’ झालेला असतो.

म्हणणं आणि करणं

हा पेच एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापुढेच गेला होता. एप्रिल २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट चालू असताना मद्रास उच्च न्यायालयानं निवडणूक आयोगाबद्दल तोंडी शेरा मारला. प्रचारसभा होऊ दिल्याबद्दल आयोगाच्या अधिकाऱ्यांवर खुनाचा गुन्हा लागायला हवा, असा त्याचा आशय होता. बातमी देशभर गेली. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि अशा तोंडी शेऱ्यांच्या बातम्या देण्यावर बंधन मागितलं. मे २०२१ मध्ये न्यायालयानं ते नाकारलं. कोर्टात जे चालतं ते लोकांना कळण्याचा हक्क आहे, हे ठामपणे सांगितलं. त्याच वेळी हेही सांगितलं की तोंडी शेरा हा आदेशाचा भागच नाही, त्यामुळे तो काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही.

मला हा निकाल या सगळ्या लेखनप्रकाराची गुरुकिल्ली वाटतो. शेरा छापायला पूर्ण मुभा आहे आणि कायद्याच्या हिशेबात त्याचं वजन शून्य आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वाचकापर्यंत मात्र पहिलीच पोचते.

नुसत्या तोंडी शेऱ्यांचंच असं होतं असंही नाही. लेखी निकालपत्राचंही होतं. २८ जून २०१२ रोजी अमेरिकेत ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याचा निकाल आला. सीएनएन आणि फॉक्सनं घाईघाईत सांगून टाकलं की विमा घेण्याची सक्ती रद्द झाली. त्यांनी वाचलेल्या पहिल्या पानांत सरन्यायाधीशांनी सरकारचा एक युक्तिवाद खरोखरच फेटाळला होता. पण पुढे कर लावण्याच्या अधिकाराखाली तीच तरतूद वैध ठरवली होती. स्कॉटसब्लॉगनं बरोबर बातमी दिली, कारण त्यांची माणसं शेवटपर्यंत वाचत गेली.

आपल्याकडचं उदाहरण ११ मे २०२३ चं. शिवसेनेच्या प्रकरणात घटनापीठानं राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरवलं, शिंदे गटाच्या प्रतोदाला विधानसभाध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. हे म्हणणं झालं. करणं काय झालं? उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीचं सरकार परत आणता येणार नाही, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच घ्यावा. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी आपला विजय झाल्याचं सांगितलं आणि दोघांकडेही दाखवायला निकालपत्रातली पानं होती. अर्धा महाराष्ट्र संध्याकाळपर्यंत एकमेकांना वेगवेगळे परिच्छेद पाठवत होता.

आमची पीडीएफ

आता घराजवळ येतो. मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा उभं राहिलं, ते एका धोरणातून. राज्य सरकारनं खासगी गुंतवणुकीतून थंड हवेची ठिकाणं वसवायची ठरवली आणि २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावं त्यासाठी अधिसूचित झाली. शेतजमीन बिगरशेतकऱ्यानं घ्यायची तर कुळकायदा आडवा येतो. त्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती मागच्या तारखेपासून लागू केली गेली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायला लावणारी नोटीस काढली. त्यानंतरच्या वर्षी अटी घालून पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली.

या सगळ्याला आव्हान देणाऱ्या जनहित याचिकेचा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. त्यात तत्कालीन पाटबंधारेमंत्री अजित पवार यांनी हितसंबंध उघड न केल्याबद्दल आणि पवार कुटुंबीयांच्या प्रभावाबद्दल प्रतिकूल निरीक्षणं आहेत. ती वाचताना आमच्याकडचा कुणीही माणूस म्हणेल की अखेर कुणीतरी लिहून ठेवलं. आणि तरीही न्यायालयानं हस्तक्षेप केला नाही. याचिका फार उशिरा आली, हे त्याचं मोठं कारण होतं.

या निकालाची बातमी दोन प्रकारे लिहिता येते. ‘कोर्टानं अमुक नेत्यांवर ताशेरे ओढले’ हेही खरं, ‘लवासाविरुद्धची याचिका निकाली’ हेही खरं. एकाच दिवशी, एकाच कागदावरून, ग्रुपवर दोन्ही स्क्रीनशॉट आले. माझे एक चुलते सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “ते समदं ऱ्हाऊ दे. जमिनीचं काय झालं, तेवढं सांग.”

जमिनीचं काही झालं नव्हतं. त्या निकालानं एकही सातबारा बदलला नाही. आणि ही गोष्ट, जी आमच्या दृष्टीनं निकालाचं सार होती, ती स्वतंत्र वाक्यात वाचल्याचं मला आठवत नाही. वाचकानं ती ‘निकाली’ या शब्दातून ओळखायची असते.

उशीर या मुद्द्यावरही कोणी रेंगाळलं नाही. खरी गोष्ट तिथे होती. उशीर का होतो? गावातल्या माणसाला अधिसूचना निघाली हे कधी कळतं? राजपत्र कोण वाचतं? कायदा बदलला आहे हे माहीत नसताना त्याला आव्हान वेळेत कसं द्यायचं? ‘विलंब’ हा कायद्याच्या बातमीत तीन अक्षरांचा तांत्रिक मुद्दा असतो. खोऱ्यात मात्र तो काही वर्षांचा, रस्ता झाला, इमारती आल्या, शेजारी विकून गेला, असा असतो.

कोण दिसतं, कोण दिसत नाही

इथे दोष सगळा साइट्सचा नाही. बातमी कायद्याच्या मागे चालते आणि कायदा आधीच ठरवतो की गोष्टीत कोणाला जागा आहे.

शंभर वर्षांपूर्वी याच तालुक्यात हे अगदी उघड दिसलं होतं. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते म्हणून ओळखले गेले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा इथली. तेव्हा लागू होता १८९४ चा भूसंपादन कायदा. त्या कायद्यात जमीन ‘सार्वजनिक कामासाठी’ लागते असं सरकारनं जाहीर केलं की तो पुरावा निर्णायक. कोर्टात जायचं तर मोबदला किती, मोजणी बरोबर आहे का, वाटा कोणाचा, एवढ्यासाठी. ‘का?’ हा प्रश्न कोर्टापुढे येऊच शकत नव्हता. तेव्हा एखादी कायद्याची साइट असती आणि तिनं अगदी चोख वार्तांकन केलं असतं, तर त्यात मोबदल्याचे आकडे दिसले असते, सत्याग्रह दिसलाच नसता. तो कायदा २०१४ उजाडेपर्यंत टिकला. नव्या कायद्यात खासगी कंपनीसाठी संपादन करायचं तर ८० टक्के बाधितांची संमती लागते, म्हणजे ‘का?’ विचारायला निदान एक रकाना मिळाला.

लवासाचं पुढे जे झालं त्यातही हेच दिसतं. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे आलं. तेव्हापासूनच्या बातम्यांत धनको समिती असते, तोडगा योजना असते, घरं बुक केलेले ग्राहक असतात. बातम्या नेटक्या असतात. पण खोऱ्यातला माणूस त्यातून पूर्ण नाहीसा झालेला असतो, कारण तो कंपनीचा धनको नाही. त्याचं कंपनीनं काही देणं लागतं का, हा प्रश्न त्या टेबलावर मांडायला जागाच नाही. कायद्यात जागा नाही म्हणून बातमीतही नाही. पत्रकाराचं काम इथे सुरू व्हायला हवं, आणि बऱ्याचदा ते इथे संपतं.

याउलट काय करता येतं ते चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये बघा. एका लोकशाहिरावर खटला चालतो, पण सिनेमा कोर्टाच्या दारापाशी थांबत नाही. सरकारी वकील बाई लोकलनं घरी जाऊन स्वयंपाक करते, बचाव पक्षाचा वकील सुपरमार्केटमध्ये सामान घेतो, न्यायाधीश सुट्टीवर जातात. एका बाईचं प्रकरण केवळ तिनं बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून पुढे ढकललं जातं. त्यात खटकेबाज संवाद जवळजवळ नाहीतच, नुसत्या तारखा आहेत. कोर्टात खेटे घातलेल्या कुणालाही तो सिनेमा लगेच ओळखीचा वाटतो. थ्रेडमध्ये जे गाळलं जातं, त्याचाच हा सिनेमा बनलेला आहे.

भाषेचा प्रश्न

यातलं बहुतेक सगळं मी इंग्रजीत वाचतो आणि ग्रुपवर मराठीत सांगतो. या मधल्या पायरीवर फार सांडतं. ‘नोटीस काढली’ म्हटलं की गावात वाटतं समोरचा अडकला. प्रत्यक्षात कोर्टानं त्याला फक्त ‘तुझं म्हणणं मांड’ इतकंच सांगितलेलं असतं. ‘जैसे थे’ म्हटलं की ज्याचा ताबा त्याला आनंद होतो, पण आदेश कधी विक्रीपुरता असतो, कधी बांधकामापुरता. ‘याचिका मागे घेतली’ यामागे पुन्हा दाद मागायची मुभा आहे का नाही, यावर सगळं अवलंबून असतं, आणि तेच शब्द बातमीच्या शेवटच्या ओळीत असतात.

भाषांतरावर न्याय अडतो, हे पुण्याला नवं नाही. १९०८ च्या खटल्यात टिळकांच्या बचावाचा एक मोठा भाग हाच होता की ‘केसरी’तल्या मराठी लेखांचं कोर्टापुढचं इंग्रजी भाषांतर चुकीचं आहे. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन असा कौल गेला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. आता सर्वोच्च न्यायालय सुवास या प्रणालीच्या मदतीनं निकालपत्रांची मराठीसह अनेक भाषांत भाषांतरं करतं, ही चांगली गोष्ट आहे. पण अनुवादित निकालपत्र म्हणजे समजावून सांगितलेला निकाल नव्हे. तो सांगायला माणूस लागतो, ज्याला कलमही कळतं आणि ‘जमिनीचं काय झालं’ हा प्रश्नही कळतो.

मग वाचायचं कसं

मी या साइट्स वाचणं सोडलेलं नाही, सोडणारही नाही. त्या नसत्या तर लवासाचं निकालपत्र माझ्या फोनवर आलंच नसतं. वाचायचा क्रम मात्र उलटा केला आहे. आधी जोडलेली प्रत उघडायची आणि थेट शेवटची दोन-तीन पानं वाचायची, जिथे कोर्ट कोणाला काय करायला सांगतं ते असतं. मग पहिल्या पानावर पक्षकार कोण ते बघायचं, आणि गोष्टीतलं कोण पक्षकार *नाही* तेही. त्यानंतर बातमी. थ्रेड सगळ्यात शेवटी, आणि तोही नाटक म्हणून.

साइट्सकडून अपेक्षा फार मोठी नाही. प्रत्येक बातमीच्या वर एक ओळ हवी: आज आदेश काय झाला, आणि काही झाला नसेल तर ‘आदेश नाही, पुढची तारीख अमुक’. शेऱ्याचं शीर्षक केलं तर त्यातच ‘तोंडी’ हा शब्द हवा. काही बातम्यांत तो असतोही, म्हणजे जमतं. आणि गाजलेल्या प्रकरणात वर्षभरानं परत जाऊन त्या आदेशाचं जमिनीवर काय झालं, हे बघणारा एक वार्ताहर हवा.

मराठीत हे काम सुरू करायचं तर दिल्लीपासून करायची गरज नाही. फेरफाराच्या हरकतीवरच्या सुनावण्या पौडच्या तहसील कचेरीच्या आवारात होतात. तिथे सिब्बल नसतात, खोचक प्रश्न नसतात. निकालपत्र दीड पानाचं असतं आणि त्याची नकल मिळवायला दोन खेपा पडतात. सातबाऱ्यावरचं नाव मात्र त्या दीड पानानं बदलतं.